कंटेनरमधले सिसलॉग संदेश होस्टवर कसे आणायचे आणि ते वाटेत कुठे हरवतात

प्रश्न थोडक्यात असा: डेबियन १२ चा होस्ट आहे, त्यावर डॉकरमध्ये पोस्टफिक्स या मेल सर्व्हरचा कंटेनर (होस्टपासून वेगळा कोंडून चालवलेला प्रोग्रॅम) चालतो. लॉग ड्रायव्हर, म्हणजे कंटेनरचे लॉग पुढे पाठवणारा डॉकरचा भाग, म्हणून सिसलॉग (युनिक्सची जुनी लॉगिंग पद्धत) दिलेला आहे. कंटेनर सुरू होतानाच्या दोन-चार ओळी होस्टवर दिसतात, पण मेल आल्या-गेल्याची एकही ओळ येत नाही. एररही कुठे दिसत नाही. संदेश जातात कुठे, आणि ते होस्टवर आणायचे कसे?

(खाली सगळी नावं आणि वाटा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच त्यांची मूळ रोमन अक्षरं टाकायची.)

लॉग ड्रायव्हर त्याचं काम बरोबर करतोय, पण पोस्टफिक्स त्याच्याशी बोलतच नाही. कंटेनरमधून लॉग बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पहिली वाट म्हणजे प्रोग्रॅमने स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एररवर लिहिलेला मजकूर. डॉकरचे सगळे लॉग ड्रायव्हर, म्हणजे जेसन-फाइल, लोकल, जर्नलडी, सिसलॉग, फक्त हाच मजकूर उचलतात. दुसरी वाट म्हणजे सी लायब्ररीचं सिसलॉग फंक्शन. ते /डेव्ह/लॉग या युनिक्स सॉकेटला (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलायची खास फाइल) जोडून घेतं आणि त्यात संदेश टाकतं. पोस्टफिक्स, क्रॉन, एसएसएचडी असे जुने-जाणते प्रोग्रॅम मुळात याच दुसऱ्या वाटेने बोलतात. ड्रायव्हरचं नाव सिसलॉग असल्यामुळे तो कंटेनरमध्ये /डेव्ह/लॉग तयार करून देत असेल, अशी समजूत होते. तसं काहीही तो करत नाही. स्टँडर्ड आउटपुटवरचा मजकूर पुढे कुठे पाठवायचा, एवढंच त्या नावात आहे.

कंटेनरमधलं /डेव्ह हे कंटेनर सुरू होताना नव्याने बसवलेलं टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती फाइलव्यवस्था) असतं आणि त्यात लॉग नावाचं काही नसतं. सिसलॉग फंक्शन जोडणी करायला जातं, ती होत नाही, आणि विषय तिथेच संपतो. या फंक्शनला परतीचं मूल्यच नाही. संदेश पोचला की नाही, हे हाक मारणाऱ्या प्रोग्रॅमला कधीच कळत नाही, म्हणून एररही दिसत नाही. या कामात सगळ्यात जास्त त्रास याच शांततेचा होतो. त्यामुळे प्रत्येक सांधा स्वतः तपासत पुढे जायचं, ही सवय लावून घ्या.

आधी विचार करा की दुसरी वाट हवीच आहे का. पोस्टफिक्सला ३.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, स्टँडर्ड आउटपुटवर लिहिता येतं. मेललॉग_फाइल या पॅरामीटरला /डेव्ह/एसटीडीआउट हे मूल्य द्यायचं आणि पोस्टफिक्स स्टार्ट-एफजीने सुरू करायचा. नुसत्या स्टार्टने हे चालत नाही. मास्टर.सीएफ फाइलीत पोस्टलॉग नावाची सेवाही लागते. जुनी मास्टर.सीएफ उचलून इमेज बनवली असेल तर ती ओळ हमखास राहिलेली असते. एचएप्रॉक्सीला १.९ पासून लॉग एसटीडीआउट लिहिता येतं. एसएसएचडीला उणे डी आणि उणे ई हे पर्याय दिले की ते समोरच चालतं आणि स्टँडर्ड एररवर लिहितं. एवढ्यावर भागत असेल तर पहिलीच वाट धरा. तिच्यात तुटण्यासारखं कमी आहे.

पण तिची एक किंमत आहे. स्टँडर्ड आउटपुटवर आलेली ओळ डॉकरच्या सिसलॉग आणि जर्नलडी ड्रायव्हरमधून ‘इन्फो’ पातळीची होते, स्टँडर्ड एररवरची ‘एरर’ पातळीची. मूळ प्रोग्रॅमने दिलेली फॅसिलिटी (संदेश कोणत्या प्रकारच्या सेवेचा, ते सांगणारा शिक्का) आणि पातळी दोन्ही पुसली जातात. सिसलॉग ड्रायव्हर सगळ्यावर डीमन हा शिक्का मारतो, आणि टॅग म्हणून कंटेनरच्या आयडीची पहिली १२ अक्षरं लावतो. मेल फॅसिलिटीवर किंवा वॉर्निंगच्या वरच्या पातळीवर होस्टवरचे नियम चालत असतील, तर ते इथे निकामी होतात. अशा ठिकाणी, आणि ज्या प्रोग्रॅमचा कोड किंवा कॉन्फिगरेशन आपल्या हातात नाही तिथे, /डेव्ह/लॉगच हवं.

ते देण्याची सरळ रीत म्हणजे होस्टचं सॉकेट कंटेनरमध्ये बाइंड माउंट करणं, म्हणजे होस्टवरचं तेच सॉकेट आतही दिसेल असं जोडणं. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग हा लॉग डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आपोआप बसत नाही, लॉगिंगचा सगळा भार सिस्टीमडीच्या (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) जर्नलडीवर असतो. होस्टवरचं /डेव्ह/लॉग हे तिथे खरं सॉकेट नसून /रन/सिस्टीमडी/जर्नल/डेव्ह-लॉगकडे बोट दाखवणारी सिमलिंक असते. डॉकर माउंट करताना लिंकमागचं सॉकेट गाठतो, त्यामुळे /डेव्ह/लॉग हे /डेव्ह/लॉगवर बसवलं की काम होतं. परवानग्यांचा प्रश्न सहसा येत नाही, कारण सॉकेट ०६६६ मोडचं असतं. माउंटला ‘आरओ’ लावलं तरी संदेश जातात. वाचनापुरती ही बंदी फाइल, फोल्डर आणि लिंक यांना लागू होते, सॉकेटमध्ये लिहायला तिची आडकाठी नाही. म्हणून ‘आरओ’ला सुरक्षा समजू नका.

इथे एक जुना सापळा आहे. माउंटसाठी उणे व्ही हा छोटा पर्याय वापरला आणि होस्टवर त्या क्षणी ती वाट अस्तित्वातच नसली, तर डॉकर तिथे रिकामं फोल्डर बनवून मोकळा होतो. सिस्टीमडी नसलेल्या होस्टवर लॉग डीमन उशिरा उठला की /डेव्ह/लॉग नावाचं फोल्डर होस्टवरच तयार होतं. मग डीमनला त्या जागी स्वतःचं सॉकेट बनवता येत नाही आणि अख्ख्या मशीनचं लॉगिंग बंद पडतं. दोन उणे देऊन लिहायचा माउंट हा लांब पर्याय ‘टाइप=बाइंड’सह वापरा. स्रोत नसेल तर तो स्पष्ट एरर देऊन थांबतो. कॉन्फिगरेशनमध्ये दोन शब्द जास्त लिहावे लागतात, पण त्याच्या बदल्यात रात्री होणारी धावपळ वाचते.

माउंट झालं की तपासणी. कंटेनरमध्ये लॉगर ही आज्ञा चालवा, टॅग ‘चाचणी’ आणि पातळी लोकल३.नोटिस द्या. होस्टवर जर्नलसीटीएलला तोच टॅग आणि उणे ओ व्हर्बोज देऊन नोंद उघडा. तिच्यातली फील्ड नीट वाचा. _ट्रान्सपोर्ट या फील्डमध्ये सिसलॉग असं दिसेल. _पीआयडीमध्ये होस्टच्या बाजूचा प्रोसेस क्रमांक असेल, समजा ४८२१३. पोस्टफिक्सच्या खऱ्या नोंदीत त्याच्याच शेजारी सिसलॉग_पीआयडी हे फील्ड असतं आणि त्यात कंटेनरच्या आतला क्रमांक दिसतो, समजा ९४. दोन्ही बरोबर आहेत. एक कर्नलने होस्टच्या नजरेतून सांगितलेला, दुसरा प्रोग्रॅमने स्वतःबद्दल संदेशात लिहिलेला. त्याखाली _सिस्टीमडी_युनिटमध्ये डॉकर, उणे चिन्ह, कंटेनरचा पूर्ण ६४ अक्षरी आयडी आणि शेवटी .स्कोप असं नाव मिळतं. डॉकर सीग्रुपसाठी (प्रोसेसचे गट पाडायची कर्नलची सोय) सिस्टीमडी ड्रायव्हर वापरत असला की हे फील्ड फुकट मिळतं, आणि नोंद कोणत्या कंटेनरची ते यावरूनच ओळखायचं. होस्टनेमवरून ते कळणार नाही. /डेव्ह/लॉगवर जाणाऱ्या संदेशात ग्लिबसी (वर सांगितलेली सी लायब्ररी) होस्टनेम घालतच नाही, त्यामुळे सगळ्या कंटेनरच्या ओळी होस्टच्याच नावाने नोंदवल्या जातात.

लॉगरने चाचणी घेताना युनिटचं फील्ड कधी गायब दिसेल. जर्नलडी ही माहिती संदेश वाचताना /प्रॉकमधून घेतो. लॉगर संदेश टाकून लगेच संपतो, आणि जर्नलडी तिथे पोचेपर्यंत प्रोसेसच उरलेली नसते. सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत ही अडचण येत नाही.

लॉगरची ओळ आली नाही, तर अंदाज बांधत बसू नका. डॉकर इन्स्पेक्टमधून कंटेनरच्या मुख्य प्रोसेसचा होस्टवरचा क्रमांक काढा आणि होस्टवरूनच, रूट म्हणून, त्या प्रोसेसवर एसट्रेस (प्रोग्रॅमने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) लावा. फक्त कनेक्ट, सेंड आणि सेंडटू हे सिस्टीम कॉल पाहा आणि उणे एफ द्यायला विसरू नका, कारण पोस्टफिक्सचं काम मुख्य प्रोसेसने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेस करतात. एसट्रेसमध्ये जे उत्तर येईल त्यातच रोगाचं नाव असतं. ईएनओईएनटी आलं तर कंटेनरमध्ये सॉकेटच नाही, माउंट चुकलं. ईकॉनरिफ्यूज्ड आलं तर सॉकेटची फाइल दिसते पण पलीकडे ऐकणारं कोणी नाही, म्हणजे सॉकेट मेलेलं आहे. ईअ‍ॅक्सेस आलं तर बहुतेक वेळा एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था आड आलेली असते. आणि कॉल सुरू होऊन परतच येत नसेल, तर पलीकडची रांग भरली आहे.

यातलं मेलेलं सॉकेट हे दुखणं सगळ्यात फसवं, कारण ते पहिल्या दिवशी दिसत नाही. फाइल बाइंड माउंट केली की माउंट त्या फाइलीच्या नावाला बांधला जात नाही, तिच्या आयनोडला (फाइलव्यवस्थेतली फाइलीची खरी ओळख) बांधला जातो. होस्टवरच्या डीमनने जुनं सॉकेट पुसून त्याच नावाने नवं बनवलं, तर होस्टवर सगळं सुरळीत दिसतं. कंटेनर मात्र पुसलेल्या आयनोडलाच धरून राहतो. जर्नलडीच्या बाबतीत हे क्वचित घडतं, कारण डेव्ह-लॉग सॉकेट सिस्टीमडीच्या पहिल्या प्रोसेसकडे असतं आणि जर्नलडीची सेवा रीस्टार्ट केली तरी ते तसंच राहतं. सॉकेटचं युनिट रीस्टार्ट झालं तरच ते बदलतं. सॉकेट आरसिसलॉगने स्वतः बनवलेलं असेल, तर त्याच्या प्रत्येक रीस्टार्टला सगळे कंटेनर मुके होतात. ओळखायची खूण सोपी आहे: स्टॅट ही आज्ञा उणे एल देऊन होस्टवर आणि कंटेनरमध्ये /डेव्ह/लॉगवर चालवा आणि दोन्हीकडचे आयनोड क्रमांक ताडून पाहा. ते वेगळे असतील तर कंटेनर पुन्हा सुरू केल्याशिवाय तो माउंट जिवंत होणार नाही.

कायमचा उपाय म्हणजे सॉकेट माउंट न करता ते ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर माउंट करणं. फोल्डरचा आयनोड टिकतो, आतलं सॉकेट कितीही वेळा बदललं तरी चालतं. जर्नलडीचं अख्खं फोल्डर मात्र देऊ नका. त्यात नेटिव्ह प्रोटोकॉलची आणि इतरही सॉकेट असतात, कंटेनरला त्यांची गरज नाही. मांडणी टिकाऊ हवी असेल तर होस्टवर आरसिसलॉग बसवून कंटेनरसाठी वेगळं सॉकेट काढा. मी हीच मांडणी सुचवेन.

आरसिसलॉगच्या आयएमयूएक्ससॉक या मॉड्यूलला आणखी एक इनपुट द्यायचं. सॉकेट म्हणून /रन/कंटेनर-लॉग/मेल/लॉग अशी वाट, होस्टनेम म्हणून तुम्हाला नोंदीत हवं ते नाव, उदाहरणार्थ मेल-कंटेनर, आणि रूलसेट म्हणून स्वतंत्र नियमसंच. त्या नियमसंचात एकच क्रिया ठेवा: स्वतंत्र फाइलीत लिहा. या रचनेत ओळख संदेशातल्या मजकुरावर अवलंबून राहत नाही, तो कोणत्या सॉकेटवर आला यावरून ठरते. प्रत्येक कंटेनरला आपलं फोल्डर आणि आपलं सॉकेट. ज्याला जे फोल्डर माउंट केलं, तो तेवढ्याच नावाने बोलू शकतो.

/रन हे बूट झाल्यावर रिकामं असतं, म्हणून फोल्डर बनवायचं काम टीएमपीफाइल्स.डी मधल्या एका ओळीकडे द्या, मोड ०७५५. इथे एक चूक सहज होते. आरसिसलॉगच्या युनिट फाइलीत रनटाइमडिरेक्टरी हा निर्देश लिहिणं जास्त नीटनेटकं वाटतं. पण सेवा थांबली की सिस्टीमडी ते फोल्डर पुसतो आणि सुरू झाली की नवं बनवतो. आयनोड बदलला, की ज्या दुखण्यावर उपाय केला तेच पुन्हा दारात. तो निर्देश वापरायचाच असेल तर सोबत रनटाइमडिरेक्टरीप्रिझर्व्हला ‘यस’ द्या. होस्ट उबंटूचा असेल आणि आरसिसलॉगवर ॲपआर्मरचा प्रोफाइल लागू असेल, तर या नव्या वाटेची परवानगी प्रोफाइलमध्ये घालावी लागेल. सॉकेट तयारच झालं नाही तर आधी तिथे पाहा.

कंटेनरच्या बाजूने ते फोल्डर /होस्टलॉग अशा जागी माउंट करा आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये, मुख्य प्रोग्रॅम उठण्याआधी, /डेव्ह/लॉग ही सिमलिंक /होस्टलॉग/लॉगकडे जोडा. ही लिंक डॉकरफाइलमध्ये बनवून उपयोग नाही, कारण इमेजमधलं /डेव्ह टीएमपीएफएसखाली झाकलं जातं. लिंक बनवायला कंटेनरमध्ये रूट लागतो. पोस्टफिक्सचा मास्टर रूट म्हणूनच सुरू होतो, त्यामुळे तिथे अडत नाही. रूट नसलेल्या कंटेनरमध्ये प्रोग्रॅमला सॉकेटची वाट कॉन्फिगरेशनमधून देता येते का ते पाहा. आरसिसलॉग रीस्टार्ट झाल्यावर ग्लिबसी पाठवणं फसलं की जोडणी बंद करून पुन्हा जोडून पाहते, त्यामुळे या रचनेत कंटेनर आपोआप सावरतो. पोस्टफिक्सच्या काही सेवा क्रूटमध्ये, म्हणजे एका फोल्डरपुरत्या कोंडून, चालवल्या असतील, तर त्यांना पोस्टफिक्सच्या स्पूल फोल्डरच्या आतलं /डेव्ह/लॉग लागतं. कंटेनरमध्ये आधीच एक भिंत आहे, तेव्हा मास्टर.सीएफमध्ये क्रूटचा रकाना ‘एन’ करणं हा सोपा मार्ग.

अल्पाइनवर बनवलेल्या इमेजमध्ये ग्लिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असते आणि तिचं सिसलॉग फंक्शन वेगळं वागतं. त्याचा बफर १०२४ बाइटचा आहे. त्याहून लांब संदेश काहीही न सांगता कापला जातो. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे मराठी मजकूर असेल तर शीर्षभाग धरून ३४० हूनही कमी चिन्हं मावतात, आणि काना-मात्रा-वेलांट्याही त्यातच मोजायच्या. दुसरं म्हणजे मसल वेळ नेहमी यूटीसीमध्ये लिहिते, कंटेनरला भारतीय वेळ दिलेली असली तरी. सॉकेटवरून येणाऱ्या संदेशांना याचा फटका बसत नाही, कारण जर्नलडी संदेश मिळाल्याची वेळ स्वतः नोंदवतो आणि आयएमयूएक्ससॉकही मूळ नोंदीतली वेळ आपणहून बाजूला ठेवतो. हेच संदेश जुन्या पद्धतीच्या शीर्षासह नेटवर्कने पाठवलेत, तर नोंदी ५ तास ३० मिनिटं मागे पडलेल्या दिसतील.

पायथॉनचा सिसलॉगहँडलर हा आणखी एक नेहमीचा गुन्हेगार. पत्ता दिला नाही तर तो लोकलहोस्टच्या ५१४ पोर्टवर यूडीपीने पाठवतो. कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे कंटेनर स्वतः, तिथे ५१४ वर कोणी बसलेलं नसतं, आणि यूडीपी तक्रार करत नाही. पत्ता म्हणून /डेव्ह/लॉग स्पष्ट द्या. तो प्रत्येक संदेशाच्या शेवटी शून्य बाइटही जोडतो, त्यामुळे आरसिसलॉगच्या फाइलीत ओळीअखेर #००० दिसतं. अपेंड_नल हा गुणधर्म फॉल्स केला की ते थांबतं.

आता मर्यादांबद्दल. जर्नलडी एका सेवेकडून ३० सेकंदांत १०,००० संदेश घेतो, जास्तीचे टाकून देतो आणि ‘सप्रेस्ड’ अशी एक ओळ लिहितो. डिस्कवर मोकळी जागा किती यावर हा आकडा काही पटींनी वर सरकतो. डॉकरचा जर्नलडी ड्रायव्हर वापरलात तर सगळ्या कंटेनरचे संदेश डॉकरच्या डीमनमार्फत येतात, आणि जर्नलडीच्या हिशेबात ती एकच सेवा, डॉकर.सर्व्हिस. एका कंटेनरने डीबग लॉग ओतायला सुरुवात केली की त्याच्या गोंधळात बाकीच्यांच्या ओळी बुडतात. बाइंड माउंट केलेल्या सॉकेटवर प्रत्येक कंटेनरचा स्कोप वेगळा, म्हणून कोटाही वेगळा. ड्रायव्हरच वापरायचा असेल तर डॉकर.सर्व्हिसच्या युनिटला लॉगरेटलिमिटबर्स्ट वाढवून द्या. आकडा मोजून ठरवा. मर्यादा शून्य करून ती पूर्ण काढून टाकणं मला पटत नाही, कारण मग तोच कंटेनर डिस्क भरेल.

रांगेचा प्रश्न याहून गंभीर आहे. /डेव्ह/लॉगवर पाठवणं हे थांबून राहणारं असतं. पलीकडचा डीमन अडकला, समजा दूरच्या सर्व्हरकडे टीसीपीने पाठवताना किंवा डिस्क भरल्यामुळे, तर सॉकेटची रांग भरते आणि सिसलॉगला हाक मारणारा प्रत्येक प्रोग्रॅम तिथेच गोठतो. मेल जायचे थांबतात, आणि कारण शोधताना लॉगिंगवर संशय सगळ्यात शेवटी जातो. रांगेची लांबी नेट.युनिक्स.मॅक्स_डीग्राम_क्यूलेन या कर्नल सेटिंगने ठरते. कर्नलचं मूळ मूल्य १०, सिस्टीमडी बूटच्या वेळी ते ५१२ करतो. ते वाढवून फक्त वेळ मिळतो. खरा उपाय आरसिसलॉगमध्ये आहे: दूर पाठवणाऱ्या क्रियेला स्वतःची डिस्कचा आधार असलेली रांग द्या, म्हणजे दूरचा सर्व्हर पडला तरी स्थानिक सॉकेट वाहतं राहील.

सुरक्षेबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. होस्टचं /डेव्ह/लॉग ज्याच्या हातात, तो कोणत्याही टॅगने आणि फॅसिलिटीने लिहू शकतो. कंटेनरमधला घुसखोर एसएसएचडीच्या नावाने लॉगिन फसल्याच्या खोट्या ओळी लिहू शकतो. लॉगिन वारंवार फसणारे पत्ते बंद करणारा फेलटूबॅन लॉगिनच्या नोंदींची ऑथ.लॉग ही फाइल वाचत असेल, तर तुमचाच आयपी पत्ता बंद पडू शकतो. जर्नलमधली खालच्या रेघेने सुरू होणारी फील्ड जर्नलडी स्वतः भरतो, ती खोटी करता येत नाहीत. म्हणून फेलटूबॅनला जर्नलवरून, युनिटचं फील्ड जुळवून वाचायला लावा. वेगळ्या सॉकेटची वर सांगितलेली मांडणीही हा धोका मिटवते, कारण तिथले संदेश ऑथ.लॉगकडे फिरकतच नाहीत.

फेडोरा किंवा रेड हॅटच्या होस्टवर डॉकरसारखाच पॉडमॅन वापरत असाल तर एसईलिनक्स आडवा येईल. माउंटच्या शेवटी मोठा झेड लावून तो सोडवायचा मोह होतो. सिस्टीमच्या सॉकेटवर तो चुकूनही लावू नका. त्याने होस्टवरच्याच सॉकेटचं लेबल बदलतं आणि होस्टच्या बाकी सेवांना लॉग लिहिता येईनासं होतं. त्या कंटेनरपुरतं पॉलिसी मॉड्यूल बनवा, यूडिका हे साधन त्यासाठीच आहे.

सगळं उभं झाल्यावर परीक्षा या क्रमाने घ्या. लॉगरची एक ओळ पाठवा. होस्टवर आरसिसलॉग रीस्टार्ट करा, कंटेनरला हात लावू नका, दुसरी ओळ पाठवा. मग होस्ट रीबूट करा आणि कंटेनर आपोआप उठल्यावर तिसरी. पहिली ओळ जवळपास कोणत्याही मांडणीत पोचते. दुसरी नाही आली तर फोल्डरऐवजी फाइल माउंट झाली आहे किंवा फोल्डरच नव्याने बनतंय. तिसरी नाही आली तर टीएमपीफाइल्सची ओळ तपासा आणि डॉकर आरसिसलॉगच्या आधी उठतोय का ते पाहा. तसं असेल तर डॉकरच्या युनिटला ड्रॉप-इन फाइलीतून आफ्टर=आरसिसलॉग.सर्व्हिस द्या आणि पुन्हा एकदा रीबूट करून पाहा.